त्रेसष्टच्या पुढची गाणी

रोह्याची खोली खाली करायला मी एकटा गेलो. माझ्याकडे रंगकाम करणारा धनेश सोबत येतो म्हणत होता, मी नको म्हटलं. एक गादी, एक पंखा, चार भांडी. त्याला दोन माणसं लागत नाहीत.

आमच्या जोह्याहून सकाळच्या एसटीने पेणला आलो, पेणहून रोह्याची गाडी धरली. आषाढ होता. नागोठण्याला नदी गढूळ पाण्याने भरून चालली होती. त्याच रस्त्यावर ती जागा येते. मी डोळे मिटले नाहीत. दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून भाताची शेतं बघत बसलो.

आधी काय झालं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. प्रणित माझा एकुलता एक मुलगा. एकोणतीस वर्षांचा. रोह्याला एका कंपनीत ऑपरेटर होता. शिफ्टचं काम, म्हणून तिथेच खोली घेतली होती. ज्येष्ठात एका दुपारी पहिली शिफ्ट संपवून मोटरसायकलवरून घरी यायला निघाला. पाऊस होता. मागून ट्रक आला. ड्रायव्हर म्हणाला, तीनदा हॉर्न दिला, पोराने मागे पाहिलं नाही. तो खोटं बोलला नसेल. प्रणितच्या दोन्ही कानांत इअरफोन होते.

लोक म्हणाले, गाण्यापायी गेला. मी मान हलवली. तो गाणी कानात का घालायचा, ते मी कोणाला सांगितलं नाही. माझ्या बायकोला, हौसाला, ते माहीत आहे. तीही बोलली नाही.

मी गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतो. घरामागे पत्र्याची शेड आहे, तिला आम्ही कारखाना म्हणतो. रंग धनेश मारतो, पण डोळे माझे. पन्नास वर्षं झाली. मी कुंचला उचलला की रंग फवारायचा कंप्रेसर बंद होतो, बोलणं बंद होतं, हौसा बांगड्या मनगटावर वर सारते. पापणीची रेघ एकदाच ओढायची असते. चुकली तर पुसता येते, पण मग ती नजर राहत नाही.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात मी एका मोठ्या मूर्तीचा डावा डोळा आखत होतो. प्रणित सुट्टीवर आला होता. त्याने खिडकीत एक छोटा स्पीकर ठेवला. नाना, एकच ऐका, म्हणाला. ते गाणं नव्हतंच. माणूस गात नाही, पेटी नाही, तबला नाही. कंप्युटरवर बनवलेले नुसते सूर. खालून एक ठोका सुरू झाला, आणि माझी रेघ गालावर गेली. मी उठलो, स्पीकर उचलला आणि बाहेर शेतातल्या पाण्यात फेकला. म्हणालो, देवाने माणसाला तोंड दिलंय, हे मुकं भूत माझ्या घरात नको.

तो भांडला नाही. चिखलात उतरला, स्पीकर काढला, शर्टाला पुसला. दुसऱ्या दिवशी पेणहून इअरफोन घेऊन आला.

"आता तुमाला त्रास नाय, नाना."

त्यानंतर घरात ते त्याच्या कानांतून निघाले नाहीत. तो समोर बसायचा. मी खुणेने विचारायचो, जेवलास? तो मानेने सांगायचा, व्हय. तीन वर्षं आम्ही असे बोललो.

म्हणून मला त्याचा एक शब्द हवा होता. रागाचा असला तरी चालला असता.

तेरावं झाल्यावर मी शोधलं. त्याचा मोबाईल रस्त्यावरच फुटला होता. त्याच्या मामेबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ आहे. त्यात तो पंगतीत जिलेबी वाढतो. तोंड हलतं, पण आवाज सगळा बँडचा. माझ्या पोराचा आवाज जगात कुठे उरलाच नव्हता. रोह्याच्या खोलीत काही सापडेल, म्हणून मी गेलो. गादी आणि पंखा हे निमित्त.

खोलीची मालकीण अनिता शेजारच्याच घरात राहते. चाळिशीची बाई. चावी माझ्यापुढे केली, पण सोडली नाही.

"काका, एक इचारू? रागावू नका."

"इचार."

"आत कोण येऊन जातं काय?"

मी म्हटलं, कुलूप तुझं, चावी तुझ्याकडे, येणार कोण? तेव्हा तिने खाली बघत सांगितलं. रोज चारच्या सुमाराला भिंतीपलीकडून वाजतं. प्रणित शिफ्टवरून आला की लावायचा तसंच, हळू. तो गेल्यावरही एक दिवस चुकला नाही. तिच्या नवऱ्याने दोनदा कुलूप काढून पाहिलं. आत कोणी नाही, आणि दार उघडलं की वाजणंही नाही.

"गजर लावलेला असंल," मी म्हटलं.

"असंल," ती म्हणाली. पण माझ्याबरोबर दारापर्यंत आली नाही.

खोलीत ओल्या कपड्यांचा वास कोंडला होता. त्यात त्याच्या केसांच्या तेलाचा वास होता. तो वास मी उभ्यानेच घेतला, मग कामाला लागलो. गादी गुंडाळली. उशीखाली एक जुना मोबाईल निघाला आणि शंभर पानी वही. मोबाईल पूर्ण मेलेला होता. चार्जर लावला तर पंधरा मिनिटं काळाच राहिला. मग उजेड आला. सिमकार्ड नव्हतं. त्यात फक्त गाणी होती. मला इंग्रजी येत नाही, आकडे येतात. त्रेसष्ट होती.

वहीतही त्रेसष्टच. आकडा, मग इंग्रजीत नाव, आणि नावापुढे मराठीत एक ओळ. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा बरं होतं. मी बोट ठेवून वाचलं.

"७. भरतीचं पाणी खाडीतून वर येताना."

"१९. गाडी वडखळला अडकली. अडकू दे."

"३१. आईला आवडेल."

"४४. नाना आखायला बसतात तसं. आधी कितीतरी वेळ काहीच नाही, मग एक रेघ."

चव्वेचाळीसवर माझं बोट थांबलं. पुढची पानं मी तिथे वाचली नाहीत.

चारला पाच मिनिटं होती. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी बसून राहिलो. चार वाजले. मोबाईल माझ्या हातात होता, गप्प. पावसाचं पाणी पत्र्यावरून पडत होतं, तेवढाच आवाज. मी उठणार, तेवढ्यात दाराची कडी वाजली. अनिता होती.

"काका... आज तुमी आत बसलाव," ती म्हणाली, "आणि ते आमच्या घरात वाजतंय..."

मी तिच्या घरात पोचलो तेव्हा काही वाजत नव्हतं. गॅसवर दूध उतू जात होतं. ते बंद करायचंही तिला सुचलं नव्हतं. मीच बंद केलं.

घरी आल्यावर हौसाने मोबाईलला हात लावला नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून मी तिला एकतिसावी ओळ वाचून दाखवली. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"एकदा तरी ऐकायचं होतंत," ती म्हणाली. मी वही मिटली.

दुसऱ्या दिवसापासून मी ऐकायला लागलो. रोज चारला काम थांबवायचं, पाटावर बसायचं, तीन गाणी ऐकायची. मी गाणी ऐकत नव्हतो, आवाज शोधत होतो. मध्ये कुठेतरी तो खोकला असेल, कोणाला हाक मारली असेल, चुकून त्याच्यात भरलं गेलं असेल. एवढीच आशा. कान लावून शेवटपर्यंत बसायचो. एकात घंटेसारखे सूर लांबून येत होते. एकात नुसती घरघर, रात्री कंपन्यांकडून येते तशी. एकात एकच सूर सात मिनिटं, जागचा हलत नाही. शब्द कुठेच नाही.

हौसा दाराशी बसून तांदूळ निवडायची. एकतिसावं लागलं त्या दिवशी तिचा हात थांबला. संपल्यावर म्हणाली, परत लावा. मी परत लावलं. पदर डोळ्यांना लावून ती आत गेली. पोराने बरोबर ओळखलं होतं.

आणि खरं सांगायचं तर विसाव्या गाण्यानंतर मला त्यांतला फरक कळायला लागला. सातवं परत लावलं की खाडीच्या बांधावरचा वारा आठवायचा. चव्वेचाळीसमध्ये खरंच आधी कितीतरी वेळ काही नव्हतं. मग एक बारीक सूर आला, वळला, संपला. पापणीच आखली कोणी. दुसरं गाणं त्या दिवशी लावलं नाही.

त्रेसष्टवं मी मागे ठेवलं होतं. त्याच्यापुढे लिहिलं होतं, "हे नानांना ऐकवायचंच. या वेळी घाबरायचं नाही."

माझा पोरगा मला घाबरत होता, हे मला वहीतून कळलं.

ते लावलं. नऊ मिनिटांचं होतं. फार खालचा सूर, पाणी शेतात शिरताना येतो तसा. हळूहळू तो छातीएवढा वर आला आणि ओसरला. शब्द नव्हता. मी मोबाईल फळीवर ठेवला आणि कुंचले धुवायला घेतले. धुतलेलेच होते.

तिथेच संपायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मोबाईल उघडला तर चौसष्ट होती. मला वाटलं, मोजण्यात माझी चूक झाली. धनेशला दाखवला. धनेश पंचेचाळिशीचा, तोंडाने फटकळ.

"काय काका, तुमी बी डाउनलोड कराया लागलाव? आता टोपी उलटी घाला." मग त्याने मोबाईल मागून उघडून पाहिला. "याला सिम नाय. नेट नाय. कुठनं आलं हे?"

नाव नव्हतं, नुसता आकडा होता. त्याने लावलं. एक लांब सूर आणि त्याच्या खाली काहीतरी खोकलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग घरघर धरली. धनेशच्या हातातला रंगाचा पाइप खाली आला.

"हा आपला कंप्रेसर हाय," तो म्हणाला.

आमचा कंप्रेसर चालू होताना तीनदा खोकतो. दुरुस्त करायला दिला होता, तरी खोकतो. या कारखान्यात आम्ही सोडून ते कोणी ऐकलेलं नाही. धनेश त्या दिवशी लवकर घरी गेला. दोन दिवस ताप आला म्हणून निरोप पाठवला.

मी वही काढली. त्रेसष्टच्या खाली माझ्या अक्षरात लिहिलं, "६४. आपला कंप्रेसर."

पासष्टवं तिसऱ्या दिवशी आलं. मी एकटाच होतो. भर दुपार, तरी आभाळ भरल्यामुळे शेडमध्ये अंधारल्यासारखं होतं. ओळीने मूर्ती उभ्या होत्या, बिनडोळ्यांच्या. गाणं लावलं. सुरुवातीला काहीच नाही. मी आवाज वाढवला. मग अगदी जवळून नाकातून हवा आत ओढल्याचा आवाज आला. त्यात एक बारीक शिट्टी. मग शांतता. कितीतरी वेळ शांतता... आणि हवा सुटली.

पुन्हा तसंच. पुन्हा.

ते काय आहे हे कळायला मला वेळ लागला. डोळा आखताना मी श्वास धरतो. माझ्या नाकाचं हाड लहानपणी मोडलंय, म्हणून शिट्टी येते. पण ती इतकी बारीक आहे की हौसालाही ऐकू येत नाही. ती ऐकायची तर माझ्या गालाला कान लावून बसावं लागेल. लहान असताना प्रणित तसा डाव्या बाजूला बसायचा. मी ढकलायचो.

मी डाव्या बाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. पण गालाच्या त्या बाजूला ओल लागत होती, पावसात भिजलेलं माणूस जवळ उभं राहिल्यावर लागते तशी.

मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू. पण उठून पळालो नाही. कुंचला घेतला, समोरच्या मूर्तीचा उजवा डोळा धरला, आणि पन्नास वर्षांत केलं नाही ते केलं. आखता आखता बोललो.

"प्रणित, तुझ्या कानांत ते मी घातले. ड्रायव्हरनं नाय, पावसानं नाय. मी. माझी एक रेघ चुकली म्हणून. एवढंच सांगायचं होतं. आता तू एक शब्द बोल. शिवी दे, पण बोल."

बोलताना आवाज दोनदा फुटला. मध्ये मी खोकलो. रेघ मात्र हलली नाही. तशी रेघ मी आयुष्यात ओढलेली नाही.

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सहासष्टवं होतं.

लावलं. कोणीतरी मशीनवर एक जाड, खरखरीत सूर धरला होता. तो वर जाई, अडखळे, खाली येई. चाल ओळखीची वाटली, पण कुठली ते कळेना. मग एका जागी सूर फुटला. थोड्या वेळाने पुन्हा फुटला. मध्ये एक धक्का बसला, खोकल्यासारखा. तेव्हा मला समजलं. ते माझंच बोलणं होतं. त्यातले शब्द कोणी एकेक करून काढून घेतले होते. राहिलं होतं ते शब्दांच्या खालचं. शब्दांसकट माझा आवाज मला रागीट वाटायचा. शब्द काढल्यावर तो रडत होता.

हौसा दारात येऊन उभी राहिली होती.

"हे कोन रडतंय?" तिने विचारलं.

मी सांगितलं, गाणं आहे. वहीत लिहिलं, "६६. नाना." दुसरं काय लिहिणार?

म्हणजे त्याने ऐकलं होतं. पण त्याचा शब्द मला मिळाला नव्हता. मी रोज त्या फळीकडे बघत काम करत होतो. जेवण जात नव्हतं. हौसा म्हणाली, तो मोबाईल खाडीत सोडा. एक वस्तू पाण्यात टाकून काय झालं ते मी पाहिलं होतं. मी नाही म्हटलं.

सदुसष्टवं आलं ते वाजेना. त्रिकोणावर बोट दाबलं की काही होत नव्हतं. पुढे फक्त वेळ दाखवत होता आणि तो वेळ वाढत होता. सकाळी चाळीस मिनिटं होती, दुपारी पाच तास. धनेश परत कामावर आला होता. त्याला दाखवलं. त्याने या वेळी मस्करी केली नाही.

"काका, हे अजून भरतंय," तो म्हणाला. "भरून संपलं की वाजंल. तोवर नाय वाजायचं."

"कोन भरतंय?"

त्याने मोबाईल माझ्या हातात परत दिला. मग हळू आवाजात म्हणाला, हे बंद करून टाका. आम्ही बंद करून पाहिलं. होत नाही. मी चार्जर लावायचा सोडून दिला, त्याला आज अकरा दिवस झाले. मोबाईल चालूच आहे. आकडे पुढे जातात.

आज सकाळी हौसा मोबाईल मांडीवर घेऊन माझ्याजवळ बसली होती. मी एका मूर्तीचा डावा डोळा घेतला. श्वास धरला, रेघ ओढली, श्वास सोडला.

"तुमी श्वास धरलात," हौसा म्हणाली, "तवा आकडं थांबलं."

मी म्हटलं, भलतंच काय. पुन्हा बघ. उजवा डोळा घेतला. या वेळी मुद्दाम सावकाश. रेघ पूर्ण झाली तरी श्वास सोडला नाही. कानशिलं ठणकायला लागली. डोळ्यांपुढे मूर्तीचा रंग काळा होत गेला. शेडमध्ये पूर्ण शांतता होती, आणि त्या शांततेत मोबाईल सुरू झाला. सूर नव्हता. बोलायच्या आधी माणूस ओठ सोडवतो, तो ओला, छोटा आवाज. मग आत हवा घेतल्याचा. प्रणित असाच घ्यायचा, काही सांगायचं असलं की.

मला श्वास घ्यावाच लागला. आवाज तिथेच तुटला. आकडे पुढे सरकले.

हौसानेही तो ऐकला होता. ती माझ्याकडे बघत होती. तिने माझ्या बोटांतून कुंचला सोडवून घेतला आणि पदराखाली धरला. म्हणाली, आज पुरे.

पण गणपतीला चार दिवस राहिलेत. अजून अकरा मूर्ती आखायच्या आहेत. बावीस डोळे.